आमची ठिपकी गेली: पाळलेली गेको, अचानक आलेलं आजारपण आणि लेकीचे प्रश्न

थंडीतली_अनुजा:

नमस्कार मंडळी. पाळीव प्राण्यांच्या विभागात कुत्र्या-मांजरांचे धागे पोत्याने आहेत, पालीचा एकही सापडला नाही म्हणून नवीन काढतेय. ज्यांना किळस वाटते त्यांनी इथूनच मागे फिरावं, अजिबात राग नाही.

आम्ही मिनिआपोलिसला असतो. लेकीला केसाळ प्राण्यांची अ‍ॅलर्जी, म्हणून तिच्या हट्टापायी लेपर्ड गेको आणली होती. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून नाव ठिपकी. आपल्या भिंतीवरच्या पालीपेक्षा ही बरीच वेगळी. हिच्या बोटांना चिकटपणा नसतो, त्यामुळे काचेवर चढता येत नाही. आणि हिला पापण्या असतात. रात्री दिवा मंद केला की दगडाखालून बाहेर यायची, आमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटायची, उघडायची. अळी खाऊन झाली की जिभेने ओठ पुसायची. कात टाकताना पायमोजा काढावा तशी एकेका पायाची कातडी तोंडाने ओढून काढायची आणि तीच खाऊन टाकायची. लेकीने हे सगळं वहीत चित्रं काढून ठेवलंय.

फेब्रुवारीअखेर तिचं खाणं कमी झालं. माद्या वसंताच्या तोंडावर अशा करतात, नर जवळ नसला तरी पोटात अंडी तयार होऊ लागतात. गेल्या वर्षीही असंच झालं होतं आणि आपोआप खायला लागली होती, त्यामुळे आम्ही निवांत होतो. शेपूटही जाडजूड होती. मग एका संध्याकाळी ती गरम बाजू सोडून थंड कोपऱ्यात पसरलेली दिसली. पोट एका अंगाने फुगलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, उचललं तरी पाय झाडेना. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे गाडी घातली. सोनोग्राफीत कळलं की बीजांडं वाढत गेली, पण ना त्यांची अंडी झाली ना ती जिरली. त्यातला बलक पोटात फुटून सगळीकडे सूज आली होती. ऑपरेशनचा पर्याय त्यांनी प्रामाणिकपणे समोर ठेवला, पण ती भूलसुद्धा सोसेल असं त्यांना वाटत नव्हतं. आम्ही इंजेक्शनला हो म्हटलं.

घरी आणल्यावर लेक म्हणाली, "थंड पडली की ती अशीच होते ना? गरम मॅटवर ठेवून बघूया." मला पुढे बोलताच येईना. शेवटी नवऱ्याने मॅट लावली, अर्धा तास तिघं तिथेच बसलो.

आता ठिपकी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, फ्रीझरमध्ये आहे. कारण अंगणातली जमीन दगडासारखी गोठलीय, एप्रिलपर्यंत कुदळ लागणार नाही. लेक रोज विचारते, तिला तिथे थंडी वाजत असेल का.

आम्ही आधी ओळखायला हवं होतं का, आता तिचं काय करायचं आणि लेकीशी काय बोलायचं, कुणाला अनुभव असेल तर लिहा. ऑफिसात "माझी पाल गेली" म्हणून रजा मागायचं धाडस झालं नाही.

वाटेवरचा_चहा:

वाईट वाटलं वाचून. पालीला जाम घाबरतो, तरी शेवटपर्यंत वाचलं. लेकीला शाबासकी सांगा.

सरडेवाला_काका:

अनुजाताई, मी ह्यूस्टनला गेली बरीच वर्षं लेपर्ड आणि क्रेस्टेड दोन्ही गेको पाळतोय. पहिला मुद्दा पहिल्यांदा. तुम्ही ज्या काळात वाट पाहिली त्या काळात शंभरातले नव्वद जण वाट बघतात, आणि बहुतेकांच्या माद्या पुन्हा खायला लागतात. या जातीचा प्रश्नच हा आहे की नेहमीचं उपास करणं आणि जिवावरचं दुखणं सुरुवातीला एकसारखंच दिसतं.

तुम्हाला जे झालं ते अंडं अडकण्यापेक्षा वेगळं. अंडं अडकतं तेव्हा कवच तयार झालेलं असतं, एक्स-रेत दिसतं, मादी खड्डा करायला धडपडत असते. ओलसर शेवाळाचा डबा दिला, कॅल्शियम दिलं तर कधीकधी सुटते. बीजांडं साकळतात तेव्हा असं काही दिसत नाही. मादी नुसती गप्प होते. पक्कं निदान सोनोग्राफीनेच, आणि पक्का उपाय म्हणजे बीजांडकोश काढून टाकणं, तेही अंगात ताकद असताना. एकदा बलक पोटात सांडला की उतार वेगाने लागतो. तुम्हाला "अचानक" वाटलं ते त्यामुळेच.

शेपटीबद्दल एक सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवते, म्हणून लोक शेपूट जाड दिसली की निर्धास्त होतात. पण साठा संपायला वेळ लागतो, त्याआधीच दुखणं पुढे गेलेलं असतं. मी स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा वापरतो (बायकोने माझ्यासाठी वेगळा आणून दिला, का ते सांगायला नको). आठवड्यातून एकदा वजन आणि वहीत नोंद. खाणं बंद आहे पण वजन टिकून आहे आणि मादी चालतीफिरती आहे, तर थांबावं. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, किंवा न खाता पोट मात्र वाढतंय, किंवा गरम जागा सोडून ती थंडीत पडून राहतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर.

गरम बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजू २५च्या आसपास असं सगळं नीट ठेवूनही हे होतं. तुमच्या वर्णनावरून तुमचं सगळं व्यवस्थित होतं. ठिपकीला श्रद्धांजली.

खवचट_खलाशी:

हलकेच घ्या, पण काल रात्रीच मी ओट्यावरच्या पालीला झाडूने हाकललं. इकडे पालीला सोनोग्राफी! आमच्या गावात माणसांना मशीन मिळायला तालुक्याला जावं लागतं. आणि रात्री चिकन हाणणाऱ्यांनी पालीसाठी रडावं यात काही विसंगती वाटत नाही का?

यमी_सदाशिवपेठी:

खलाशी, विसंगती आहेच. माणूस विसंगतच असतो, म्हणून तर तुम्ही प्रत्येक धाग्यावर असता. सोनोग्राफीचा मुद्दा खरा आहे, पण तो आरोग्यखात्याच्या धाग्यावर मांडा, तिथे मीही दोन शब्द जोडीन. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या दुःखावर तो लावू नका.

आणि पालीला नाव काय ठेवता म्हणणाऱ्यांना आठवण: सिंहगडाच्या गोष्टीतली यशवंती घोरपड. दंतकथा का असेना, घोरपडीला नाव देऊन लाडाने सांगणारे आपणच.

खवचट_खलाशी:

यशवंतीवर निरुत्तर. मुलीबद्दल काही म्हणायचं नव्हतं, वाईट वाटलं असेल तर माफी.

नेने_आजी:

अनुजा, मी चिपळूणची, वय पंचाहत्तर. आमच्या लहानपणी पाल अंगावर पडली की आधी आंघोळ, मग पंचांगात बघायचं कुठल्या अंगावर पडली त्याचं फळ काय. बोलता बोलता पाल चुकचुकली तर जमिनीवर बोटं आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणायचं. मी अजूनही म्हणते. कांचीपुरमला वरदराज पेरुमाळांच्या देवळात छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे, तिला हात लावला की पालीचा दोष जातो म्हणतात. रांग लावून मीही हात लावून आले आहे. तेव्हा पालीशी आपलं नातं जुनंच, फक्त आजवर ती घराबाहेर जावी एवढीच इच्छा असायची.

तुझी आई किंवा सासू फोनवर "पालीसाठी काय रडायचं" म्हणाली असेल तर मनावर घेऊ नकोस. आम्हाला तसंच शिकवलं. पण माझ्या नातीचं कासव गेलं तेव्हा मी तेच म्हणाले आणि नात माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. आता मी असं म्हणत नाही. त्या पोरीला फोनवर ठिपकीच्या गोष्टी विचारणारं कुणीतरी मोठं माणूस हवं. कुणी नसेल तर मला लाव.

थंडीतली_अनुजा:

आजी, सासूबाई अगदी हेच म्हणाल्या होत्या! पण काल त्यांनीच व्हिडिओ कॉलवर लेकीला विचारलं, "ती अळ्या खायची त्या कुठून आणायचात गं?" लेक पाऊण तास बोलत होती. सासूबाईंना आता मीलवर्म, वॅक्सवर्म आणि डुबिया झुरळं यातला फरक कळतो. वॅक्सवर्म म्हणजे गुलाबजाम, रोज द्यायचे नाहीत, असं त्या सासऱ्यांना समजावत होत्या.

काका, खूप आधार वाटला. वजनाची गोष्ट पटली.

सातपुड्याचा_पाहुणा:

अवांतर होईल, पण लेकीला सांगायला उपयोगी पडेल. तुमच्या ठिपकीचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. पाळतात ती जात मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडची. तिच्याच कुळातली एक जात सातपुड्याच्या डोंगरात सापडली आणि २०१४ मध्ये नवी जात म्हणून तिचं शास्त्रीय वर्णन झालं. यूब्लेफॅरिस सातपुराएन्सिस. मध्य प्रदेशात आणि आपल्या महाराष्ट्रातही आहे. रात्री रस्त्याच्या कडेला टॉर्चच्या उजेडात मी एकदा पाहिली, शेपूट वर करून अगदी ऐटीत चालली होती.

गावोगावी हिला जालीम विषारी समजतात आणि दिसली की ठेचतात. भारतातली एकही पाल विषारी नाही, पण हे पटवायला जीव जातो. या धाग्यावरून कुणाला हौस आली तर कृपा करून रानातून पकडून आणू नका.

आणि हो, यांच्यात अंडं उबवताना तापमान किती यावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. २६-२८ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ला बहुतेक नर. शाळेच्या प्रकल्पाला छान विषय आहे.

बालवाडीताई:

लेकीशी बोलण्याबद्दल. मी मुलांबरोबर काम करते, तेवढ्यापुरतं लिहिते.

"झोपली", "देवाघरी गेली" हे शब्द शक्यतो टाळा, विशेषतः तुमच्या बाबतीत. कारण तुमच्या मुलीच्या डोक्यात आधीच एक अगदी शास्त्रीय शंका आहे: ठिपकी थंडीत निपचित पडते आणि ऊब मिळाली की हलते, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. मग फ्रीझरमधून काढून गरम केलं तर? तिला स्पष्ट सांगायला हवं की ठिपकी मेली आहे, तिचं हृदय बंद पडलंय आणि ते ऊब देऊन सुरू होत नाही. मेलेल्याला थंडी वाजत नाही, भूक लागत नाही, दुखत नाही. पुन्हा विचारेल, पुन्हा तेच सांगा.

तुम्ही मॅट लावून तिच्याबरोबर बसलात ते मला फार आवडलं. "वेडी आहेस का" म्हणून उडवून लावलं असतं तर ती रात्री गुपचूप उठून एकटीने करून बघती.

दुसरी गोष्ट, इंजेक्शनचा निर्णय तुम्ही घेतला हे तिला माहीत आहे का? माहीत नसेल आणि पुढे कळलं तर ते जास्त लागतं.

थंडीतली_अनुजा:

माहीत आहे, ती खोलीतच होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "तिला कळेल का?" त्यांनी सांगितलं की आधी गुंगीचं औषध देणार, मग तिला काहीच कळणार नाही. नंतर त्यांनी हृदयाचे ठोके ऐकवणारं छोटं डॉप्लर यंत्र छातीला लावून बराच वेळ ऐकलं आणि मगच गेली म्हणून सांगितलं. इतका वेळ का, ते मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

पशुवैद्य_तालुका:

मी सांगतो. आमचं काम गाई-म्हशींचं, पण कॉलेजात शिकलेलं आठवतंय. सरपटणाऱ्या प्राण्यांची चयापचयाची गती मंद, प्राणवायूशिवाय त्यांच्या पेशी बराच वेळ तग धरतात. मेंदूचं काम थांबल्यावरही हृदय काही काळ धडधडत राहू शकतं. म्हणून नुसतं श्वास थांबला यावर विसंबत नाहीत, डॉप्लर लावून थांबतात. तुमच्या डॉक्टरांनी चोख काम केलं. लेकीला हेही सांगा: डॉक्टरांनी यंत्राने खात्री केली आहे, मॅटची शंका आपोआप मिटेल.

यावरून आणखी एक. "थंड रक्ताचा प्राणी आहे, फ्रीझरमध्ये ठेवला की शांतपणे जातो" असा सल्ला इंटरनेटवर फिरतो. जिवंत प्राण्याला असं करू नये. ते वेदनारहित नाही. मेल्यावर ठेवायला हरकत नाही. मात्र कुणाला शवविच्छेदन करून मृत्यूचं कारण शोधायचं असेल तर फ्रीझर नको, खालचा फ्रीज. गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला काही कळत नाही.

डबा दोन पिशव्यांत बांधून जेवणापासून लांब ठेवा. साल्मोनेला गोठून मरत नाही.

कुंडीवाली_काकू:

जमीन गोठली असेल तर मोठ्या कुंडीत पुरा ना. आम्ही फ्लॅटमध्ये पोपटाला तसंच केलं. वर मोगरा लावला.

पशुवैद्य_तालुका:

काकू, पोपट आपणहून गेला असेल तर चालेल. इंजेक्शनने गेलेल्या प्राण्याचं तसं नाही. त्या औषधात बहुतेक वेळा पेंटोबार्बिटॉल असतं, ते शरीरात तसंच राहतं आणि उकरून खाणाऱ्याच्या पोटात जातं.

सरडेवाला_काका:

तालुका डॉक्टर, हे तर अनुजाताईंच्या गावाशेजारीच झालंय! डिसेंबर २०२२ मध्ये इन्व्हर ग्रोव्ह हाइट्सच्या कचरा डेपोजवळ डझनभर टकले गरुड (बाल्ड ईगल) बर्फात गुंगून पडलेले सापडले. इंजेक्शन दिलेल्या प्राण्यांची मढी तिथे नीट पुरली गेली नव्हती, ती त्यांनी खाल्ली. मिनेसोटा विद्यापीठाच्या रॅप्टर सेंटरमध्ये उपचार झाले. साठ-सत्तर ग्रॅमच्या गेकोत औषध किती असणार म्हणा, पण बाल्कनीतल्या कुंडीत खार किंवा रॅकून हमखास उकरणार. एकतर एप्रिलमध्ये खोल खड्डा, नाहीतर दहन.

लेस्टरचा_लक्ष्या:

थोडं वेगळं दुःख. आमचा गेको क्रिप्टोने गेला. क्रिप्टोस्पोरिडियम, पोटात होणारा परजीवी. त्यात शेपूटच आधी वाळते, खाल्लेलं अंगाला लागत नाही. भरवशाचं औषध नाही असं डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले. आम्ही दोन महिने हाताने भरवत राहिलो. शेवटी कुणासाठी भरवतोय हेच कळेना.

हे लिहितोय ते गेकोच्या काचेच्या टाकीसाठी. अनुजाताईंच्या घरी संसर्ग नव्हता, त्यांनी टाकी नीट धुतली की झालं. पण कारण न कळता कुणाची गेको गेली असेल तर त्याच टाकीत लगेच दुसरी आणू नका. क्रिप्टोचे बीजाणू घरगुती ब्लीचला दाद देत नाहीत. लाकडी सामान, शेवाळ सगळं फेकून द्यायचं. आम्ही टाकीच टाकून दिली. काही जण अमोनियाने धुतात. ते करणार असाल तर ब्लीचबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

बोलायला माणूस हवं असेल तर इथे ब्रिटनमध्ये ब्लू क्रॉस या प्राणीसंस्थेची पाळीव प्राणी गेलेल्यांसाठी फोनसेवा आहे. मी फोन केला तेव्हा प्राणी कोणता ते सांगताना लाजलो होतो. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं आणि पुढे नावानेच बोलल्या. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे पशुवैद्यकीचे विद्यार्थी अशी सेवा चालवतात.

वाटेवरचा_चहा:

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) लिहिणार होतो, हात आवरला.

नेने_आजी:

दहन केलंत तर राख किती येणार, चमचाभर. मिसिसिपी तुमच्या गावातूनच जाते ना? नाहीतर कुंडीत घाला. तुळस नको, तुमच्या थंडीत जगायची नाही.

थंडीतली_अनुजा:

सगळ्यांचे आभार. गरुडांची बातमी लेकीला वाचून दाखवली आणि निर्णय तिनेच घेतला: "ठिपकीमुळे गरुड आजारी पडायला नको." क्लिनिकला फोन केला, ते दहनाला पाठवतात, एका प्राण्याचं वेगळं हवं असेल तर तसं सांगायचं. शनिवारी डबा नेऊन देतोय. राख येईल ती घरातल्या मनी प्लांटमध्ये घालायची, हेही तिचंच. नदी फार लांब वाटते म्हणाली.

बालवाडीताई, डॉप्लरबद्दल सांगितल्यावर फ्रीझरचे प्रश्न थांबले. रडणं थांबलेलं नाही, पण आता नेमकं ठिपकीसाठी रडते. सातपुड्याची पाल तिने नकाशावर शोधली आणि पुढच्या भारतवारीत तिकडे जायचं ठरवून टाकलंय. आजोळी अजून कुणाला कल्पना नाही.

दुसरी आणायची का, हे इतक्यात नाही. टाकी धुऊन तळघरात ठेवलीय.

एक सल्ला हवाय. डुबिया झुरळांचा डबा भरलेला आहे, अजून पिल्लं होताहेत. नवरा म्हणतो बाहेर थंडीत सोड. लेक म्हणते, मग ती मरतील. आता काय करू?

खवचट_खलाशी:

झुरळांसाठी धागा वेगळा काढावा लागणार असं दिसतंय.

सेंटपॉलचा_सरदेशमुख:

अनुजाताई, मी नदीपलीकडेच, सेंट पॉलला. मुलाकडे बिअर्डेड ड्रॅगन (सरड्याची एक जात) आहे, आठवड्याला डबाभर झुरळं फस्त करतो. आनंदाने घेऊन जातो. लेकीला चालणार असेल तरच, कारण शेवटी खाल्लीच जाणार आहेत, ते आधी सांगा. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय.

थंडीतली_अनुजा:

विचारलं. "खाण्यासाठीच असतात ती" म्हणाली, अगदी कोरडेपणाने. मात्र ड्रॅगनचं नाव काय आणि त्याचं वजन दर आठवड्याला करता का, हे विचारायला सांगितलंय. रविवारी दुपारी या.